आधी कागदाचे घर

मंडळी, घर माणूस बहुधा एकदाच बांधतो. त्यात जन्माची कमाई जाते. पण पुष्कळदा घर उभे राहिल्यावर चूक दिसते. मोरीचे पाणी चुलीकडे येते. दार उघडले की खाटेला अडते. मग भिंत पाडायची म्हटली, तर पैसा कुठून आणायचा?

बांधण्याआधी नकाशा काढतात, हे खरे. पण त्यातल्या रेघा किती जणांना कळतात? आपण आता अक्षरे वाचू लागलो. तसा नकाशाही वाचता आला पाहिजे. त्याची एक सोपी वाट आम्ही इथे सांगतो. आधी कागदाचे घर करायचे आणि ते मोबाइलमधून पाहायचे.

हा कागद आपलाच

धरणगावला कागद काही नवा नाही. गॅझेटियर म्हणजे जिल्ह्याच्या माहितीचे सरकारी पुस्तक. जुन्या गॅझेटियरात नोंद आहे की, एके काळी धरणगावच्या कागदाला आणि कापडाला मोठा मान होता. शेजारच्या एरंडोललाही देशी कागद व्हायचा. पुढे हा धंदा बसला. १९४० साली गांधीजींच्या प्रेरणेने पुण्यात हातकागद संस्था निघाली. तिने ही कला पुन्हा हाती घेतली.

हातकागद कसा होतो? कापसाच्या कापडाच्या चिंध्या बारीक कापतात. त्या भिजवून, कुटून लगदा करतात. लगदा पाण्यात कालवून जाळीवर उचलतात. पाणी निथळते, पातळ थर उरतो. तो दाबून वाळवला की झाला कागद! हा कागद चिवट असतो. त्याला चकाकी नसते. म्हणून त्यावरचे चित्र मोबाइलला नीट दिसते.

घर कसे करावे?

आधी माप ठरवा. जमिनीवरचा १ फूट म्हणजे कागदावरचे १ सेंटिमीटर. घर २० फूट लांब आणि १५ फूट रुंद असेल, तर कागदाचे घर २० सेंटिमीटर लांब आणि १५ सेंटिमीटर रुंद होईल. १० फूट उंचीची भिंत १० सेंटिमीटर उंच कापा. खाली बोटभर कागद जास्त ठेवा. तो दुमडून खळीने पुठ्ठ्यावर चिकटवा. दारे-खिडक्या कापा. छप्पर मात्र चिकटवू नका, नुसते वर ठेवा. ते उचलले की आतले सगळे दिसते.

खाट, चूल, कोठी हेही त्याच मापाने करा. ६ फुटांची खाट ६ सेंटिमीटरचीच हवी. ती लहान केली, तर खोली उगाच मोठी वाटेल.

मोबाइल काय करतो?

मुलांच्या शाळेच्या पुस्तकात काळ्या-पांढऱ्या चौकोनांचे एक चिन्ह असते. त्याला क्यूआर कोड म्हणतात. त्यावर मोबाइल धरला की धडा उघडतो. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी ही चिन्हे पुस्तकात वापरली. त्यांना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला.

आपली युक्ती याच्या एक पाऊल पुढची आहे. इथे नवे चित्र खऱ्या वस्तूच्या जागीच दिसते. याला ऑगमेंटेड रिॲलिटी म्हणतात. आपण त्याला 'जोडचित्र' म्हणू.

घराशेजारी पुठ्ठ्यावर एक ठळक चित्र चिकटवायचे. हे झाले खूणचित्र. संगणक शिकलेल्या मुलाने किंवा मुलीने नळ, गटार, पाण्याची टाकी यांची चित्रे मापाने तयार करून मोबाइलमध्ये ठेवायची. मोबाइल खूणचित्र ओळखतो. ते मोठे दिसले तर जवळ आहे, लहान दिसले तर दूर आहे. तिरपे दिसले तर आपण बाजूला उभे आहोत. एवढ्यावरून हिशेब करून तो टाकी बरोबर छपरावर बसवून दाखवतो. हात लावायला जावे, तर तिथे काहीच नसते!

उजेड कमी पडला, खूणचित्र चुरगळले किंवा झाकले, तर मोबाइल चुकतो.

सगळ्यांनी बोलावे

हे घर ओट्यावर ठेवा. छप्पर उचला. बायांना आधी विचारा, कारण घरात जास्त वावर त्यांचाच. एखादी म्हणेल, "मोरी इथं नको, पाणी चुलीकडं येईल." लगेच कातर घ्या आणि भिंत हलवा. नुकसान किती? एक कागद! म्हाताऱ्या माणसांनाही विचारा. पायरी किती उंच हवी, ते त्यांचे गुडघे सांगतील.

पण एक ध्यानात ठेवा. मोबाइल रूप दाखवतो, मजबुती दाखवत नाही. आपली काळी जमीन पावसात फुगते, उन्हात भेगाळते. पाया किती खोल घ्यायचा, ते इंजिनिअरला आणि जाणत्या गवंड्याला विचारा.

मग नकाशा घ्या आणि कागदाच्या घराशेजारी ठेवा. ही रेघ म्हणजे कोणती भिंत? हे दार कुठले? बोट ठेवून ओळखा. सगळे जुळले, तरच सही करा. अंगठ्याच्या जागी सही आली, ही मोठी गोष्ट. पण कशावर सही करतो, हे कळणे त्याहून मोठे.

करून पाहा

१. आपल्या घराची एक खोली मोजा. तिची कागदी खोली करा.
२. ९ फूट लांब भिंत कागदावर किती सेंटिमीटर होईल?
३. कागदाच्या घराचे छप्पर का चिकटवायचे नाही?
४. मोबाइल कोणती गोष्ट दाखवू शकत नाही?