गुन्हे-तपासाच्या बातम्या आणि आपले इंग्रजी : एक अभ्यासपाठ

आपला विद्यार्थी दहावी-बारावीपर्यंत इंग्रजी शिकतो, परीक्षाही पास होतो. परंतु इंग्रजी वृत्तपत्र हाती घेतले की चार ओळींनंतर अडखळतो. शब्दकोश पाठ करून ही अडचण दूर होत नाही. ज्या विषयाची मनाला ओढ आहे त्या विषयातून शब्द आले तर ते टिकतात. गुन्ह्याच्या तपासाची बातमी लहानथोर सर्वच वाचतात. तिच्यात तेच ते शब्द पुन्हा पुन्हा येतात आणि एका ठराविक क्रमाने येतात. म्हणून शब्दसंग्रह वाढविण्यासाठी आम्ही या बातम्यांची निवड केली आहे.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. संविधानाच्या अनुच्छेद ३४८ नुसार उच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत चालते. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांचे न्यायदान आता आपल्या दारी आले आहे; परंतु निकालपत्राची भाषा वाचता आली नाही तर दार उघडे असूनही आपण उंबऱ्याबाहेरच राहू.

पहिला टप्पा : फिर्याद ते दोषारोपपत्र

तपासाची पहिली पायरी 'एफआयआर', म्हणजे 'फर्स्ट इन्फर्मेशन रिपोर्ट'. आपण तिला फिर्याद किंवा पहिली खबर म्हणतो. खबर देणारा तो 'कम्प्लेनंट' आणि गुन्हा दाखल करणे म्हणजे 'रजिस्टर' करणे. भारतीय इंग्रजी वृत्तपत्रांत यासाठी 'बुक्ड' हा शब्दही येतो. 'बुक' म्हणजे पुस्तक एवढेच ठाऊक असलेला विद्यार्थी येथे गोंधळतो. 'बुक्ड' याचा अर्थ गुन्हा नोंदला गेला. अटक झालीच असे नव्हे.

'डिटेन्ड' म्हणजे ताब्यात घेतले, 'अरेस्टेड' म्हणजे अटक केली. अटक केलेल्यास प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे लागते, हा संविधानाच्या अनुच्छेद २२ ने दिलेला हक्क आहे. पुढे 'कस्टडी', म्हणजे कोठडी. 'पोलीस कस्टडी' आणि 'ज्युडिशियल कस्टडी' हे तिचे दोन प्रकार कोर्टाच्या आवारात 'पीसीआर' व 'एमसीआर' या नावांनी ओळखले जातात. त्यांतील शेवटचा 'आर' म्हणजे 'रिमांड'.

तपास म्हणजे 'इन्व्हेस्टिगेशन'. मथळ्यात जागा कमी असते, म्हणून तेथे 'प्रोब' हा छोटा शब्द वापरतात. मुद्देमाल जप्त करणे 'सीझ', हस्तगत करणे 'रिकव्हर', पुरावा 'एव्हिडन्स', साक्षीदार 'विटनेस', हेतू 'मोटिव्ह'. फितूर झालेल्या साक्षीदाराला 'होस्टाइल' म्हणतात. पंचनामा मात्र भारतीय इंग्रजीतही 'पंचनामा'च आहे. तपास पूर्ण झाला की 'चार्जशीट', म्हणजे दोषारोपपत्र.

दुसरा टप्पा : एका शब्दाने फरक पडतो

संशयित तो 'सस्पेक्ट', आरोपी तो 'अक्यूज्ड' आणि दोषी ठरलेला तो 'कन्व्हिक्ट'. या तिघांत गल्लत करू नये. 'डिस्चार्ज' म्हणजे खटला चालण्यापूर्वी दोषमुक्त होणे. 'अक्विटल' म्हणजे खटला चालून निर्दोष सुटणे. 'बेल' म्हणजे केवळ जामीन.

आपल्या शहरातील उदाहरण घ्या. कॉम्रेड गोविंद पानसरे यांच्यावर १६ फेब्रुवारी २०१५ रोजी कोल्हापुरात गोळ्या झाडण्यात आल्या आणि २० फेब्रुवारीस त्यांचे निधन झाले. तपास आधी विशेष तपास पथकाकडे होता. २०२२ साली उच्च न्यायालयाच्या आदेशाने तो दहशतवादविरोधी पथकाकडे गेला. म्हणून या बातम्यांत 'एसआयटी', 'एटीएस', 'ट्रान्स्फर' हे शब्द सतत आले. जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने काही आरोपींना 'बेल' दिला, तेव्हा 'सुटले' हा शब्द तोंडोतोंडी झाला. जामीन मिळणे म्हणजे निर्दोष ठरणे नव्हे आणि आरोपी असणे म्हणजे दोषी ठरणेही नव्हे. शब्द नीट कळला की विचारही नीट होतो.

तिसरा टप्पा : खैरलांजीचा धडा

२९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी येथे भोतमांगे या बौद्ध कुटुंबातील सुरेखा, प्रियांका, रोशन व सुधीर या चौघांची हत्या झाली. पुढे तपास सीबीआयकडे गेला. १५ सप्टेंबर २००८ रोजी भंडारा येथील न्यायालयाने ११ आरोपींपैकी ८ जणांना 'कन्व्हिक्ट' केले व तिघांना 'अक्विट' केले. आठांपैकी सहा जणांना फाशीची व दोघांना जन्मठेपेची शिक्षा झाली. १४ जुलै २०१० रोजी नागपूर खंडपीठाने फाशी 'कम्यूट' केली, म्हणजे ती २५ वर्षांच्या कारावासात बदलली. 'कम्यूट' म्हणजे शिक्षा सौम्य करणे. माफ करणे नव्हे.

या दोन्ही निकालांत खून सिद्ध झाला. परंतु १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू झाला नाही. जातीचा 'मोटिव्ह' न्यायालयांना मान्य झाला नाही. 'मर्डर' हा शब्द निकालात राहिला, 'अॅट्रॉसिटी' हा शब्द राहिला नाही. समाजाला जी वेदना होती ती या एका शब्दाच्या अभावाची होती. या कायद्याखालील गुन्ह्याचा तपास पोलीस उपअधीक्षक दर्जाहून कमी नसलेल्या अधिकाऱ्याने करावा, असे १९९५ चे नियम सांगतात. फिर्यादीची प्रत फिर्यादीस विनामूल्य मिळते. ती प्रत वाचून कोणते कलम लागले, कोणते राहिले, हे पहिल्याच दिवशी विचारणारा शिकलेला मुलगा किंवा मुलगी प्रत्येक वस्तीत असली पाहिजे.

चौथा टप्पा : मथळ्याचे व्याकरण

इंग्रजी मथळ्यात कालची घटना वर्तमानकाळात येते : 'कोर्ट रिजेक्ट्स बेल'. 'टू' आल्यास भविष्यकाळ समजावा : 'सीबीआय टू प्रोब केस'. 'टू हेल्ड' यातील 'टू' मात्र दोन या अर्थाचा आहे, कारण 'हेल्ड' म्हणजे पकडले गेले; 'वेअर' हे सहाय्यक क्रियापद तेथे गाळलेले असते. बातमीत 'अलेजेडली' हा शब्द दिसला की थांबावे. 'कथितरीत्या', म्हणजे आरोप आहे, सिद्ध झालेले नाही.

येथे आम्हाला भगवान बुद्धांनी केसपुत्तच्या कालामांना केलेला उपदेश आठवतो. केवळ ऐकीव आहे म्हणून काही स्वीकारू नका, असे तथागतांनी सांगितले. न्यायालयातही ऐकीव पुराव्यास, म्हणजे 'हिअरसे'ला, सामान्यतः स्थान नसते. सिद्ध होण्यापूर्वी कोणास गुन्हेगार म्हणणे ही सम्यक् वाणी नव्हे. म्हणून गुन्ह्याची बातमी चवीने वाचू नये, विवेकाने वाचावी. पीडितेची ओळख सांगण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा.

अभ्यासाची रीत

१. एकाच घटनेची बातमी प्रथम मराठी दैनिकात वाचा, मग इंग्रजी दैनिकात. अर्थ आधीच ठाऊक असल्याने शब्दकोश कमी लागतो. आपल्या शहरात १८५० पासून चालत आलेले करवीर नगर वाचन मंदिर आहे. अशा वाचनालयात जाऊन बसा.

२. रोज पाचच शब्द वहीत लिहा. पण शब्दाचे कुटुंब लिहा. 'अक्यूज'बरोबर 'अक्यूज्ड' व 'अक्युझेशन', 'इन्व्हेस्टिगेट'बरोबर 'इन्व्हेस्टिगेटर'. 'कन्व्हिक्शन' म्हणजे दोषसिद्धी, तसेच दृढ विश्वासही, हे ध्यानात ठेवा.

३. उच्चाराकडे लक्ष द्या. 'कन्व्हिक्ट' हे नाम असेल तर जोर पहिल्या अक्षरावर, क्रियापद असेल तर दुसऱ्यावर.

४. आठवड्यातून एकदा विहारात चौघांनी बसावे. एकाने बातमी वाचावी, दुसऱ्याने मराठीत सांगावी, तिसऱ्याने 'हे सिद्ध आहे की आरोप?' असे विचारावे, चौथ्याने बातमीतूनच उत्तर काढावे.

स्वाध्याय : आजच्या इंग्रजी दैनिकातील एक तपासाची बातमी कापून वहीत चिकटवा. तीत किती जण संशयित, किती आरोपी, किती दोषी आहेत ते लिहा. तपास कोणत्या पायरीवर आहे ते एका इंग्रजी वाक्यात सांगा.

तीन महिन्यांत साडेचारशे शब्द होतील. ते मुलाखतीत कामी येतीलच. परंतु एखाद्या रात्री पोलीस ठाण्यात शेजारच्या माउलीची फिर्याद नोंदवताना ते कामी आले, तर या पाठाचे खरे सार्थक झाले असे आम्ही समजू. जयभीम!