तिथी पाहून अलिबाग

आमच्या माणगावच्या वर्गात एक आत्या येतात. वय साठीच्या पुढे. सारा वर्ग त्यांना आत्याच म्हणतो. मागे एकदा त्या घरच्या माणसांबरोबर अलिबागचा कुलाबा किल्ला पाहायला गेल्या होत्या. पौर्णिमेचा चांगला दिवस धरला, भाड्याची जीप केली. भर दुपारी समुद्रावर पोचल्या, तर किल्ल्याभोवती पाणीच पाणी! होडीला द्यायला पैसे उरले नव्हते. सगळी जणं वाळूत बसली, भाकऱ्या खाल्ल्या आणि परत आली.

आता आत्यांना वाचता येते. त्या भाचेसुनेला म्हणाल्या, "अगं, या खेपेला एसटीनं जाऊ. पाटी मी वाचीन."

"पण आत्या, पाणी परत आडवं आलं तर?"

त्याचे उत्तर बाजारात मिळाले. मासळी विकणारी कोळीण म्हणाली, "तिथीची पाऊणपट करा. तितक्या वाजता भरती. तिथून सहा तासांनी ओहोटी."

वाचकहो, हा हिशेब कोकणच्या किनाऱ्यावर फार जुना आहे. चंद्राच्या ओढीने समुद्र दिवसातून दोनदा भरतो आणि दोनदा ओसरतो. भरतीची वेळ रोज सुमारे पाऊण तास पुढे जाते. म्हणून तिथीला पाऊण तासाने गुणायचे. पौर्णिमा म्हणजे पंधरा. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे दुपारच्या सुमारास भरती! आत्या ऐन भरतीला पोचल्या होत्या. शुभ दिवस खरा, पण किल्ल्याच्या वाटेला तो शुभ नव्हता.

मग अष्टमी धरावी का? आठाची पाऊणपट सहा. म्हणजे ओहोटी दुपारी बाराला. वेळ सोयीची दिसते. पण अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते. पाणी फार चढत नाही, तसे पुरते उतरतही नाही. आत्यांनी कॅलेंडर खाली काढून माघ वद्य षष्ठी धरली. सहाची पाऊणपट साडेचार. पहाटे साडेचारला भरती, म्हणजे पावणेअकराच्या सुमारास ओहोटी. हा हिशेब अर्धा-पाऊण तास चुकू शकतो. म्हणून किनाऱ्यावर गेल्यावर तिथल्या माणसाला विचारल्याशिवाय पाण्यात पाय घालू नये. पावसाळ्यात तर हा बेत करूच नये.

अलिबागला प्रवासी रेल्वे नाही. एसटी इंदापूर, कोलाड, नागोठणे, वडखळवरून जाते. तीन तास धरावेत. बायकांना २०२३ पासून एसटीत अर्धे तिकीट आहे. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ पासून तिकीटच पडत नाही. वयाचा दाखला मात्र जवळ हवा. येतानाची थेट गाडी चुकली, तर वडखळला उतरावे. तिथे 'माणगाव' एवढीच पाटी शोधत बसू नये. महाडची गाडीही माणगाववरूनच जाते. हे आत्यांनी वहीत लिहून घेतले.

पहाटेच्या गाडीने निघून दोघी साडेनऊला समुद्रावर उभ्या होत्या. पाणी मागे हटत होते. विचारपूस करून त्या चालू लागल्या. कुठे घोट्याएवढे पाणी, कुठे शेवाळलेला खडक. चपला हातात. शेजारून घोडागाडी गेली, पण आत्या बसल्या नाहीत.

या किल्ल्याचे काम शिवाजी महाराजांनी १६८० साली सुरू केले आणि संभाजी महाराजांच्या वेळी ते पुरे झाले. पुढे कान्होजी आंग्र्यांचे आरमार इथे असे. तटाचे मोठे दगड चुन्यावाचून रचले आहेत. लाट आदळली की तिचे पाणी फटींत शिरते आणि तिचा जोर मोडतो. आत राघोजी आंग्र्यांनी १७५९ साली बांधलेले गणपतीचे देऊळ आहे. नवल म्हणजे, चारी बाजूंना खारे पाणी, आणि आतल्या विहिरीला गोडे!

भाचेसून तटावर रमली. आत्यांचे लक्ष घड्याळाकडे. "अगं, चल आता. साडेअकरा झाले. समुद्र आपल्यासाठी थांबायचा नाही."

दोघी परतल्या तेव्हा मघाच्या घोटाभर जागी पाणी पोटरीला लागले.

गावात १७२९ साली वारलेल्या कान्होजींची समाधी आहे, ती त्यांनी पाहिली. १९०४ सालची चुंबकीय वेधशाळाही अलिबागेतच आहे. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार होत्या आणि विजेने होकायंत्राची नाजूक सुई बिघडते, म्हणून हे काम इकडे आणले. आत्यांना ही गोष्ट किल्ल्याहून अधिक आवडली.

थेट गाडी चुकली ती पांढऱ्या कांद्याच्या माळेपायी. भाव करता करता उशीर झाला. दोघी वडखळला उतरल्या. अंधार पडत आला होता. एक गाडी आली. भाचेसून पिशव्या उचलत होती, तोवर आत्यांनी पाटी वाचून हात वर केला होता.

"आत्या, माणगावची आहे का?"

"महाडची आहे. चढ लौकर."