नाव एक, जिभा अनेक

तुमच्याकडे लेक झाली. पेढे संपायच्या आत घरात नावांच्या याद्या फिरायला लागल्या असतील. मावशीने व्हॉट्सअॅपवर पाठवलेली पन्नास नावं, पत्रिकेतलं अक्षर, शेजारणीच्या मुलीचं नको, ऑफिसातल्या अमकीचं तर मुळीच नको. या गलबल्यात एक वाक्य मात्र हळू आवाजात बोललं जातं आणि त्याबद्दलच आज तुमच्याशी बोलायचं आहे. ‘नाव छान आहे गं, पण आमच्या गावाकडे त्याची पार वाट लावतील.’

काय वाट लागते, ते एकदा मोकळेपणाने मांडूच. वीणा ठेवलं तर वीना होईल, प्रणिताची प्रनिता होईल. विठ्ठलाचा इठ्ठल करणारे आजोबा विशाखाला इशाखा म्हणतील. शारदेची सारदा होईल. आगरी-कोळी घरांत ळचा ल होतो, तर खानदेशात आणि वऱ्हाडात तोच ळ य होऊन येतो. डोळ्यांचे ‘डोये’ आणि काळ्याचा ‘काया’. तेव्हा मुलीचं नाव हौसेने कोकिळा ठेवलंत, तर आजोळी तिची कोकिया व्हायची तयारी ठेवा.

माझी सगळी नोकरी प्राथमिक शाळेत गेली. नव्या वर्गाची पहिली हजेरी म्हणजे अर्ध्या महाराष्ट्राच्या बोली ऐकणं. ‘बाई, माझं नाव रेनुका,’ असं एखादी म्हणाली की मागच्या बाकावर खसखस पिकायची. हसणाऱ्यांना मी एवढंच विचारायचे, ‘मनीषा आणि उषा, तुम्ही दोघी तुमच्या नावातला पोटफोड्या ष म्हणून दाखवा बघू.’ दोघीही ठणठणीत श म्हणायच्या. आपण सगळेच तसं म्हणतो. पुण्यात म्हणतात, मुंबईत म्हणतात, निवेदकही म्हणतात. लिहिताना ष, बोलताना श. याला कुणी अशुद्ध म्हणत नाही, कारण चूक सगळ्यांची मिळून आहे.

प्रज्ञा हे नाव घ्या. आपण म्हणतो प्रद्न्या. हिंदी बोलणारी मैत्रीण म्हणते प्रग्या, गुजराती शेजारीण म्हणते प्रग्ना. मुंबईच्या एकाच इमारतीत एका मुलीला तीन नावं पडतात. मग खरं कोणतं? संस्कृतात ज्ञ म्हणजे ज् आणि ञ यांचं जोडाक्षर. तसा उच्चार या तिघींपैकी एकीच्याही तोंडी नाही. ऋचं तेच. तो मुळात स्वर. मराठीत त्याचा रु झाला, हिंदीत रि झाला. म्हणून आपली अमृता इंग्रजीत यू घालून लिहितात आणि दिल्लीची अमृता आय घालून. ‘आमचा उच्चार बरोबर आणि गावाकडचा बिघडलेला’ असं म्हणणाऱ्यांनी आधी आपली ऋतुजा नीट ऐकावी. ‘रुतुजा’ हा बिघाडच आहे, फक्त तो सुशिक्षितांच्या तोंडी असल्यामुळे त्याला कुणी बिघाड म्हणत नाही.

देवांना याचं काही वाटत नाही, हे तर तुम्ही पाहिलंच आहे. माहूरची रेणुका साडेतीन शक्तिपीठांपैकी एक, आणि गड चढणाऱ्यांपैकी किती जणांच्या तोंडी ती रेनुकाच असते. बहिणाबाई चौधरींचं उदाहरण तर मला फार आवडतं. जळगावजवळच्या आसोद्याच्या या बाईंची बोली लेवा गणबोली. तिथे म्हणणं हे ‘म्हननं’ आणि पाणी हे ‘पानी’. म्हणजे स्वतःचं नाव सांगायचं तर बहिनाबाईच. त्यांची गाणी मुलाने, सोपानदेवांनी जपली, १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघालं आणि आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. पाटीवर ण आहे. ज्या बोलीने ती गाणी दिली, तिच्यात तो नव्हता.

हे सगळं मी तुम्हाला का सांगते आहे? ओळखीतल्या एका घरात मी काय पाहिलं, ते ऐका. आई अमरावतीकडची, बाबा कोल्हापूरचे, दोघंही पुण्यात नोकरीला. लेकीचं नाव मृण्मयी. सुंदरच नाव. कोल्हापूरची आजी बाळंतपणाला आलेली. तिने ‘मुन्मई’ म्हटलं की मुलगा आतून ओरडायचा, ‘आई, म्रुण्‌-म-यी!’ चार-पाचदा असं झाल्यावर तिने नावच सोडलं. ‘सोनी’, ‘बाई’, ‘ए चिमणे’, काय वाटेल ते म्हणायची, पण नाव नाही. मी गेले तेव्हा ती न्हाणीघरात पाय लांब करून बसली होती. पायावर बाळ पालथं, पाठीवर कोमट पाणी. मुलगा फोनवर बोलत बाल्कनीत गेला, तसं तिने एकदा दाराकडे पाहिलं आणि बाळाच्या कानाशी वाकून म्हणाली, ‘मुन्मई, मुन्मई गं माझी.’ स्वतःच्या नातीचं नाव चोरून घ्यायचं! नावाची वाट मला तिथे लागलेली दिसली, उच्चारात नाही.

त्या तरुण बापाचा हेतू वाईट नव्हता. ‘मुलीच्या कानावर लहानपणापासून चुकीचं पडलं तर ती तसंच शिकेल,’ असं त्याचं म्हणणं. ही भीती बऱ्याच आईबाबांना असते. १९८४ साली कॅनडातल्या जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस या संशोधकांनी इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या बाळांना हिंदीतले त आणि ट ऐकवून पाहिले. सहा-आठ महिन्यांच्या बाळांना ते दोन आवाज वेगळे कळत होते. वर्षाची होता होता बहुतेकांचा तो कान गेला, कारण घरात तो फरक कुणी करतच नव्हतं. तुमच्या घरात आई ण म्हणते आणि आजी न म्हणते, म्हणजे बाळाच्या कानावर दोन्ही पडतं आहे. गमावण्यासारखं त्यात काही नाही. पाच वर्षांची झाली की ती आजीशी आजीसारखी आणि बाईंशी बाईंसारखी बोलेल. वर्गात पानी आणि पाणी दोन्ही सहज वापरणारी मुलं मी वर्षानुवर्षं पाहिली आहेत. त्यांना ओढाताण होत नाही. ती होते मोठ्यांना.

आणि नावाची पहिली मोडतोड तुमची लेकच करणार आहे, हेही लक्षात असू द्या. र आणि ळ मुलांच्या जिभेवर उशिरा बसतात. ऋग्वेदा नाव ठेवाल आणि ती दोन वर्षांची होऊन पाहुण्यांना ‘मी लुवेदा’ असं ठासून सांगेल. तेव्हा तुम्ही व्हिडिओ काढाल. मग आजीच्या वेळीच कपाळाला आठी का?

पत्रिकेवाल्यांसाठी एक गंमत. हस्त नक्षत्राच्या चार चरणांची अक्षरं पू, ष, ण, ठ. तिसऱ्या चरणावर जन्मलेल्या लेकीला ण आणि मराठीत णवरून सुरू होणारं नाव शोधून दाखवाच! मग रास-नाव कागदावर ठेवून हाकेचं नाव वेगळं ठेवतात. आपल्याकडे एका मुलीला दोन नावं चालतात, तर एका नावाचे दोन उच्चार चालायला काय हरकत आहे?

उच्चारापेक्षा मला खरी काळजी वाटते ती रोमन लिपीची, कारण ती मुलीला जन्मभर पुरते. सई हे किती गोड नाव. इंग्रजीत एस-ए-आय लिहिलं की परप्रांतात तिची ‘साई’ होते आणि फोनवरचा माणूस ‘साई सर आहेत का?’ विचारतो. जाईची जय होते. परदेशात राहणाऱ्या आईबाबांनी तर हे आधी पाहावं. अशी नावं ठेवू नका असं नाही, पण स्पेलिंग ठरवताना अनोळखी माणसाकडून एकदा वाचून घ्या. आणि नाव फक्त लिहून पाहू नका, हाक मारून पाहा. रागावल्यावर, जेवायला बोलावताना, मैदानाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल अशी. पाच अक्षरी, जोडाक्षरांची नावं तिथे धापा टाकतात आणि आठवड्याभरात त्यांची पिंकी होते.

अर्थाकडे मात्र डोळ्यांत तेल घालून बघा. सातारा जिल्ह्यात २०११ साली नकुशी, नकोशी अशा नावांच्या २८५ मुलींना समारंभाने नवी नावं दिली गेली. तिथे कुणाचा उच्चार चुकलेला नव्हता. नाव अगदी स्पष्ट उच्चारलं जात होतं आणि घाव त्यानेच होत होता. त्यापुढे न-णचा वाद मला खरंच क्षुल्लक वाटतो.

आता घाईबद्दल. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, पण नाव त्याच वेळी द्यावं लागत नाही. वर्षभरात ते विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत. १ ऑक्टोबर २०२३पासून जन्मलेल्या मुलांना शाळेपासून पासपोर्टपर्यंत जन्मदाखलाच पुरावा म्हणून लागतो आणि १ मे २०२४पासून जन्मलेल्यांच्या नावात महाराष्ट्रात आईचंही नाव येतं. तेव्हा लेकीचं नाव आईच्या नावाला जोडूनही म्हणून पाहा. अर्ज भरण्याआधी दोन्ही आज्यांना, आत्याला, गावाकडच्या आजोबांना ते नाव आपापल्या तऱ्हेने मोठ्याने घेऊ द्या. त्या वेळी कुणी हसू नका आणि कुणाला सुधारू नका.