रंग गेला, पण पाणी शुद्ध झाले काय?

पाण्याचे मोल धाराशिव जिल्ह्यातील माणसाला निराळे सांगावे लागत नाही. टंचाईच्या दिवसांत टँकरची वाट पाहिलेली आपण माणसे आहोत. म्हणूनच पाणी निर्मळ कसे करता येईल, या शास्त्रीय प्रश्नाकडे आपण केवळ पुस्तकातील धडा म्हणून पाहू शकत नाही.

शेजारच्या सोलापुरात चादरी व टॉवेल विणले जातात, तर इचलकरंजीत यंत्रमागांचा मोठा व्यवसाय आहे. या उद्योगांवर असंख्य कुटुंबांची चूल पेटते. परंतु सूत वा कापड रंगविताना सर्व रंग धाग्यात मुरत नाही. उरलेला रंग मीठ व इतर रसायनांसह सांडपाण्यात उतरतो. ऊन आणि साबण यांना दाद न देणे हाच चांगल्या रंगाचा गुण. पाण्यात मिसळल्यावर तोच दोष ठरतो, कारण असे रंग जिवाणूंना सहज पचत नाहीत. तुरटीसारखी द्रव्ये घालून रंग खाली बसविता येतो. पण तेव्हा तो नष्ट होत नाही, गाळात जातो.

येथे प्रकाश-उत्प्रेरक उपयोगी पडतात. १९७२ मध्ये फुजिशिमा व होंडा या जपानी शास्त्रज्ञांनी टिटॅनियम डायऑक्साइड आणि प्रकाश यांच्या साहाय्याने पाण्याचे विघटन दाखविले आणि या संशोधनाला वेग आला. भिंतीच्या पांढऱ्या रंगात असणारा हाच पदार्थ. त्यावर अतिनील किरण पडले की आतील इलेक्ट्रॉन उसळून वर जातो व मागे रिक्त जागा उरते. या दोहोंच्या पाणी व प्राणवायूशी होणाऱ्या क्रियेतून हायड्रॉक्सिल मूलकासारखे अतिशय क्रियाशील कण निर्माण होतात. ते रंगाचा रेणू तोडतात. क्रिया पूर्ण झाली तर शेवटी मुख्यतः कार्बन डायऑक्साइड, पाणी व साधे क्षार उरतात. उत्प्रेरक स्वतः खर्ची पडत नाही.

मात्र 'पूर्ण झाली तर' हे शब्द महत्त्वाचे आहेत. रेणूतील रंग देणारा बंध आधी तुटतो, म्हणून पाणी लवकर निवळ दिसते; पण उरलेले तुकडे त्यात असू शकतात. ॲझो रंगांच्या अर्धवट विघटनातून निर्माण होणारी काही ॲरोमॅटिक अमाइन्स अपायकारक असतात. यास्तव डोळ्यांवर विसंबता येत नाही. रासायनिक प्राणवायू मागणी मोजावी लागते. नदीनाल्यात सोडावयाच्या सांडपाण्यासाठी तिची सर्वसाधारण मर्यादा प्रतिलिटर २५० मिलिग्रॅम आहे.

अडचणी आणखीही आहेत. सूर्यप्रकाशात अतिनील किरणांचा वाटा जेमतेम चार-पाच टक्के असतो. गडद पाण्यात प्रकाश खोल जात नाही, मीठ क्रिया मंदावते आणि बारीक भुकटी पाण्यातून परत काढणे कठीण असते. म्हणून भुकटीऐवजी काचेवर पातळ थर देण्याचे प्रयत्न होतात. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातही अशा थरांवर संशोधन झाले आहे.

विद्यार्थ्यांनी हा प्रयोग करताना तीन पात्रे ठेवावीत: एक उन्हात उत्प्रेरकासह, दुसरे उन्हात उत्प्रेरकाविना, तिसरे उत्प्रेरकासह अंधारात. रंग केवळ उन्हानेही विटतो आणि भुकटीला चिकटूनही नाहीसा होतो. तिन्ही पात्रांची तुलना केल्याविना श्रेय कोणाचे, हे ठरत नाही.

दिसते ते तपासून मगच स्वीकारावे, ही सवय आपल्या मुलांना लागली, तर उद्या त्यांच्यापैकी कोणी रंगशाळेत काम करील, कोणी प्रयोगशाळेत. निवळ पाणी आणि शुद्ध पाणी यांतील भेद मात्र ती कोठेही विसरणार नाहीत.