सामना कोणाच्या घरी दिसतो?

व्यावसायिक बास्केटबॉलचा सामना घरबसल्या कसा पाहावा, हा प्रश्न वरवर साधा आहे. परंतु आमच्या सांडोरमध्ये वर्गणीच्या वाहिन्या सगळ्याच घरांना परवडत नाहीत, म्हणून त्याचा थोडा अभ्यास केला.

१९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने आकाशलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्वाळा दिला. पुढे २००७ च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या क्रीडास्पर्धांचे थेट प्रक्षेपण, जाहिराती वगळून, प्रसार भारतीला देणे खासगी वाहिन्यांवर बंधनकारक झाले. ते दूरदर्शनच्या फ्री डिशवर मासिक वर्गणीविना दिसते. मात्र २०१७ च्या निकालानुसार खासगी केबलवर ते दाखवता येत नाही.

अमेरिकेतील एनबीए राष्ट्रीय महत्त्वाच्या स्पर्धांच्या यादीत नसल्याने तिला हा कायदा लागू नाही. पूर्ण सामन्यांसाठी बहुधा वर्गणीच भरावी लागते. ठळक क्षण तेवढे तिच्या यूट्यूब वाहिनीवर विनामूल्य मिळतात. न्यूयॉर्कचा रात्री साडेसातचा सामना हिवाळ्यात आपल्याकडे पहाटे सहाला सुरू होतो!

कोणती स्पर्धा राष्ट्रीय महत्त्वाची, हे केंद्र सरकार ठरवते. कॉलेजात आलेला आमच्या घरातला मी पहिलाच. जे कधी पाहिले नाही त्याची इच्छाही होत नाही, हे मी जाणतो. म्हणून त्या यादीत क्रिकेटबरोबर इतर खेळांनाही भरपूर जागा असावी, असे मला वाटते.