पोरांचे पाणी आणि घरचे पाणी



गळीत हंगाम उरकतो, तोडणीच्या टोळ्या गावाकडे परततात, शाळांना सुटी लागते आणि आपल्या घरांतून एक ठरलेला तंटा सुरू होतो. मुंबई-पुण्याची नातवंडे आलेली असतात. परसात रबरी नळी सोडून पोरे दुपारभर एकमेकांवर पाणी उडवतात. आजी म्हणते, "खेळू द्या की, चार दिवसांसाठी तर आल्यात." मुलांचे वडील नळी गुंडाळून वर ठेवतात नि डोळे वटारतात. संध्याकाळी पिंप रिकामे निघाले की बोलणी मात्र सुनेला बसतात. या पाठात आम्ही या तंट्याचा हिशेब मांडणार आहोत. आमचे म्हणणे आधीच सांगून टाकतो : खेळ बंद करू नये. त्याचे माप ठरवावे आणि त्याची जागा ठरवावी.

आधी माप

पाण्याच्या बाबतीत आपण सगळेच अंदाजाने बोलतो. "लई पाणी गेलं" म्हणजे किती, हे कुणी सांगत नाही. म्हणून एक १५ लिटरची बादली आणि एक घड्याळ घ्या. नळी बादलीत सोडा आणि बादली किती वेळात भरते ते पाहा. समजा सव्वा मिनिट लागले, तर नळी मिनिटाला १२ लिटर टाकते. पोरे वीस मिनिटे खेळली की २४० लिटर गेले. तुमच्या नळीचा आकडा कमी-जास्त येईल. तो काढून न्हाणीच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवा.

हे २४० लिटर म्हणजे काय? २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये खेड्यातल्या माणसाला रोज ५५ लिटर पाणी धरले आहे. त्याआधीच्या ग्रामीण योजनांत ४० लिटरच धरत असत. पाच माणसांच्या घराला ५५ च्या हिशेबाने दिवसाला २७५ लिटर होतात. पिणे, स्वयंपाक, आंघोळी, भांडी, धुणे, संडास सगळे त्यातच. म्हणजे वीस मिनिटांच्या दंग्यात घराचा जवळजवळ अख्खा दिवस वाहून जातो.

बाजारात हल्ली हवा भरून फुगवायचे प्लॅस्टिकचे हौद मिळतात. दिसायला खेळण्यासारखे, पण पाच फूट रुंदीच्या गोल हौदात एक फूट पाणी भरले तर साडेपाचशे लिटर लागतात. घराचे दोन दिवस! शिवाय इतके पाणी रोज ओतून देण्याची छाती कुणाची होत नाही, म्हणून तेच चार-पाच दिवस ठेवतात. पायाची माती, शेवाळ, लहानग्यांची लघवी सगळे त्यात, आणि तेच पाणी खेळता खेळता पोटात जाते. मग जुलाबाची तक्रार घेऊन दवाखाना. आमच्या मते या हौदाचा नाद न केलेला बरा. केलाच, तर चार बोटे पाण्यावर भागवावे आणि रोज नवे भरावे.

"मग उसाला किती देता?"

इथे एखादा सभासद आम्हाला अडवून विचारील, की पोरांच्या बादल्या मोजता, मग उसाच्या पाळीचे काय? प्रश्न रास्त आहे आणि तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. एका एकरावर एक इंच पाणी म्हणजे एक लाख लिटरांहून थोडे अधिक. मोकळ्या पाटाने दिलेली एक पाळी तीन इंचांची धरली, तर एकरी तीन लाख लिटरांच्या वर गेले. पोरांनी रोज २४० लिटर उधळले, तरी साठ दिवसांच्या उन्हाळ्यात ते १४,४०० लिटर होतात. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वेगाडी गेली, तिच्या दहा वाघिणींत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. आपल्या भाषेत सांगायचे तर एका एकराला पाच इंच पाणी. तेवढ्या पाण्याकडे एक शहर डोळे लावून बसले होते.

तेव्हा पाणी वाचवण्याचा मोठा भाग शेतातच आहे, यात शंका नाही. पण शेताचे पाणी नि घरचे पाणी एकाच खात्यावर लिहिता येत नाही. नळाचे पाणी पिण्याच्या विहिरीतून उपसून, टीसीएल पावडर टाकून, उंच टाकीत चढवून येते. त्यात वीजबिल आहे आणि ते ठरावीक वेळेपुरतेच येते. गल्लीच्या तोंडाच्या चार घरांनी नळ्या सोडल्या की शेवटच्या घरी नळाला नुसती हवा येते. चारीच्या शेपटाकडच्या सभासदाला हे आणखी समजावून सांगायला नको. त्याच्या रानात जे होते, तेच गल्लीच्या शेवटच्या घरातल्या बाईच्या घागरीत होते.

बंदी का नको

हिशेब पाहून कुणी म्हणेल, मग बंदच करून टाका. असे करू नका, आणि त्याचे कारण पाण्याहून मोठे आहे. वैशाखाच्या उन्हात पोरांना पाणी हवेच असते. परसातली नळी काढून घेतली की ती कालव्यावर, विहिरीवर किंवा शेततळ्यावर जातात, तीही दुपारी, मोठी माणसे आडवी झालेली असताना.

शेततळ्याबद्दल दोन शब्द अधिक बोललेच पाहिजेत. त्याला आतून प्लॅस्टिकचा कागद असतो. ओला झाला की तो इतका गुळगुळीत होतो की पट्टीच्या पोहणाऱ्यालाही उतारावरून वर येता येत नाही. पाय घसरतो, हाताला धरायला काही नसते. ज्यांच्या रानात शेततळे आहे, त्यांनी भोवती कुंपण घालावे, चारी बाजूंनी गाठी मारलेले जाड दोर काठावरच्या खुंटांना बांधून पाण्यात सोडावेत आणि फुगवलेली जुनी ट्यूब काठाशी ठेवावी. सुटी लागण्याआधी हे काम उरकावे. नातवंडाला पोहायला शिकवायचेच असेल, तर पोहणारा मोठा माणूस त्याच्याबरोबर पाण्यात हवा. काठावर बसून सूचना देणारा उपयोगाचा नाही.

आणि परसातही सावध राहावे लागतेच. रांगत्या किंवा नुकत्या चालणाऱ्या मुलाचे डोके अंगाच्या मानाने जड असते. बादलीत डोकावताना तोल गेला तर त्याला स्वतःहून बाहेर येता येत नाही. वीतभर पाणीसुद्धा घात करते. म्हणून खेळ संपला की बादली पालथी घालावी आणि हौदावर झाकण ठेवावे. पोरांवर नजर ठेवणे हे एका माणसाचे काम नेमून द्यावे. 'सगळे आहेत की घरात' म्हणजे कुणीच नाही. मोटारीचा स्टार्टर, उघडी वायर खेळाच्या जागेपासून लांब पाहिजे, हे वेगळे सांगायला नकोच.

जागा कुठली

बहुतेक घरांत पोरे फरशीवर किंवा अंगणात खेळतात. पाणी गटारीला जाते आणि जाताना दारात चिखल करते. त्याऐवजी खेळ झाडाखाली न्यावा. परसात आंबा, नारळ, शेवगा, केळी, लिंबू, काहीतरी असतेच. त्याचे आळे फावड्याने जरा ऐसपैस करून, भोवती वीतभर उंच वरंबा घालून द्या. त्यात जुना पाट किंवा सपाट दगड टाका, म्हणजे पाय चिखलात रुतत नाहीत. आता पोरांनी अंगावर तांब्या ओतला काय, एकमेकांवर उडवला काय, पाणी मुळाशीच जाणार. त्या झाडाला त्या दिवशी वेगळे पाणी घालायचे नाही. हे विसरले तर वाचवले काहीच नाही. झाडाच्या हक्काचे पाणी पोरे आधी वापरून घेतात, इतकीच ही युक्ती आहे.

माप म्हणाल, तर एका मुलाला एक बादली, १५ लिटर. खेळून झाल्यावर वेगळी आंघोळ घालायची नाही. साबण लावायचाच तर शेवटचे दोन तांबे राखून ठेवावेत. म्हणजे आंघोळीचेच पाणी खेळाला वापरले गेले आणि घराच्या खर्चात जवळजवळ काही भर पडली नाही. साबणाचे पाणी केळी, कर्दळ, नारळाला चालते. कोथिंबीर, मेथीवर टाकू नये. भाजी, तांदूळ धुतलेले पाणी एका टोपात साठवले तर पोरांना होड्या सोडायला, भातुकलीला तेवढे पुरते.

पोरांना एक बादली कशी पुरणार, असे वाटेल. आमचा अनुभव असा आहे की नळी हातात असली की पोरगे पाण्याशी खेळत नाही, नुसते पाणी सोडत राहते. बादली नि तांब्या दिला की ते विचार करू लागते. बुडाला भोके पाडलेला डबा, दोन करवंट्या, एक फाटकी चाळण आणि फूटभर नळी एवढे सामान दिले की दुपार निघते. भोके पाडलेल्या डब्यातून शर्यतीने पाणी न्यायचे आणि कुणाच्या घागरीत जास्त पोचले ते पाहायचे, हा खेळ तर मोठ्यांनाही आवरत नाही.

खेळातले धडे

शेतकऱ्याचे पोर पाण्याशी खेळायला लागले की पाट काढणारच. काढू द्या. त्याला सहा फूट लांबीची एक सरी काढायला सांगा, आणि शेजारी दोन-दोन फुटांच्या तीन सऱ्या. लांब सरीत एका टोकाने सावकाश एक तांब्या पाणी ओता. कोरड्या मातीत ते तोंडाशीच मुरते आणि शेपटाला पोचत नाही. तेच पाणी तीन आखूड सऱ्यांत वाटून घातले तर शेवटपर्यंत जाते. मग आजोबांनी विचारावे, "आपल्या रानातली सरी किती लांब आहे रे?" पोराला उत्तर ठाऊक नसेल, वडिलांना ते ठाऊक असते आणि ते गप्प बसतात. लांब सरीत शेपटाचा ऊस भिजेपर्यंत तोंडाचा ऊस दुप्पट पाणी पितो, आणि त्या जादा पाण्याबरोबर खतही मुळांखाली निघून जाते.

दुसरा प्रयोग दोन डब्यांचा. दोन्हींत एकाच ठिकाणची माती समान भरा आणि प्रत्येकी एक पेला पाणी घाला. एकावर पाचटाचे बारीक तुकडे दोन बोटे जाड पसरा, दुसरा उघडा ठेवा. दोन्ही उन्हात ठेवून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मातीत बोट घाला. उघड्या डब्यातली माती वरून कोरडी ठक्क पडलेली असते, पाचटाखालची ओलसर. खोडव्यात पाचट जाळू नका, ठेवा, म्हणून आपले शेतकी खाते वर्षानुवर्षे कंठशोष करीत आहे. दहा वर्षांच्या पोराने डबा पुढे करून दाखवला तर ते अधिक पटेल, असे आम्हाला वाटते.

नळीची गंमतही दाखवावी. बादली कट्ट्यावर ठेवायची, नळी पाण्याने पूर्ण भरून दोन्ही तोंडे बोटांनी दाबायची, एक तोंड बादलीत बुडवायचे, दुसरे खाली सोडायचे आणि बोटे काढायची. पाणी बादलीच्या काठावरून चढून खाली येते. खालचे तोंड बादलीतल्या पाण्याच्या पातळीच्या वर उचलले की धार थांबते. शाळेत वक्रनळीचा धडा येतो तेव्हा या पोराला तो घोकावा लागत नाही.

आणि पोरांना एक अधिकारही द्या, गळती शोधण्याचा. गळक्या नळाखाली तांब्या ठेवून तो किती वेळात भरतो ते त्यांनी पाहायचे. लिटरचा तांब्या तासाभरात भरला तर दिवसाला २४ लिटर गेले, म्हणजे एका पोराच्या खेळाहून जास्त. चार आण्यांची वायसर आता चार आण्यांना मिळत नाही हे खरे, पण तरी ती स्वस्तच आहे. संडासाच्या फ्लशच्या टाकीत थोडी हळद कालवून अर्धा तास पाणी न सोडता थांबावे. भांड्यात पिवळे उतरले तर टाकी आतून गळते आहे. गच्चीवरची टाकी भरून वाहते, मोटार चालूच, आणि मालक चावडीवर, हा प्रकार तर आम्ही प्रत्येक गावात पाहतो. टाकीला बॉलकॉक बसवा किंवा पोराला शिट्टी द्या.

पाणी भरलेली भांडी, टब, जुने टायर आठवड्यातून एक दिवस पूर्ण रिकामे करून घासून वाळवावेत. डेंग्यूचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि उन्हाळ्या-पावसाळ्यात आठ-दहा दिवसांत नवा डास उडतो. नुसते पाणी ओतून भागत नाही. अंडी भांड्याच्या काठाला चिकटलेली असतात, म्हणून घासणे महत्त्वाचे.

पहिला पाऊस आला की मात्र माप सोडून द्यावे. हजार चौरस फुटांच्या छपरावर एक इंच पाऊस पडला तर दोन हजार लिटरांच्या वर पाणी पागोळ्यांना येते. पन्हाळ लावून पिंपे भरून घ्यावीत आणि पोरांना पन्हाळीखाली मनसोक्त भिजू द्यावे. पहिल्या सरीत कौलांवरची, पत्र्यावरची घाण उतरते. ते पाणी जाऊ द्यावे आणि पोरांनाही तेवढा वेळ धरून ठेवावे. वळवाच्या पावसात विजेचा धोका असतो. गडगडाट ऐकू आला की सगळ्यांना घरात घ्यावे, झाडाखाली थांबू देऊ नये, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास गेल्यावरच पुन्हा बाहेर सोडावे.