वाचलेलं वहीत कसं उतरवावं?

प्रश्न : मी वाचनालयातून आठवड्याला एक पुस्तक आणतो. परवा एका कादंबरीची चाळीस पानं झाल्यावर लक्षात आलं, ही आपण दोन वर्षांपूर्वीच वाचली आहे! आता वही घालावी म्हणतो. पूर्वीचे लोक अशा नोंदी ठेवत का? त्यात लिहायचं काय?
— एक वाचक, पिंप्राळा (जळगाव)

उत्तर : ठेवत, आणि मोठी माणसंही ठेवत. गांधीजी १९२२ ते १९२४ येरवड्याच्या तुरुंगात होते, तेव्हा कोणतं पुस्तक वाचून झालं हे ते रोजनिशीत टिपत. चार्ल्स डार्विनने १८३८ ते १८६० अशी बावीस वर्षं दोन याद्या सांभाळल्या, एक वाचायच्या पुस्तकांची आणि दुसरी वाचलेल्यांची. तुमची चाळीस पानं वाचवायला एवढी यादीही पुरते.

दुसरं टोक तुमच्या शेजारच्या जिल्ह्यातलं आहे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी गीतेवर प्रवचन दिलं. अठरा रविवार, अठरा अध्याय. समोर बसून साने गुरुजींनी ती उतरवून घेतली, म्हणून आज ‘गीता प्रवचने’ आपल्या हातात आहे. गुरुजींनी लिहिणं नंतरवर टाकलं असतं तर काय उरलं असतं, हा विचार मला नेहमी अस्वस्थ करतो.

तुमची वही या दोन टोकांच्या मधली. नुसतं नाव-तारीख नको आणि शब्दन् शब्दही नको. कथानकाचा सारांश तर मुळीच लिहू नका. तो पुस्तकात आहेच. पुस्तक मिटल्यावर, परत करण्याआधी, त्याने तुमचं काय केलं ते लिहा. कुठे थांबलात, कुठे राग आला, कुठली ओळ वाचून उठून पाणी प्यायलात. आवडलं नाही तर का नाही, तेही. ‘छान आहे’ एवढ्यावर सुटका करून घेऊ नका, कारण वर्षभराने त्यातून काहीच हाती लागत नाही. घरात लेवा गणबोली किंवा अहिराणी बोलत असाल, तर प्रतिक्रियाही त्याच बोलीत लिहा. मनात ती ज्या शब्दांत उमटली, त्याच शब्दांत ती खरी राहते.

नोंदीच्या डोक्यावर लेखक, प्रकाशक, आवृत्ती, तारीख आणि वाचनालयाचा दाखल क्रमांक घाला. उतारा घेतलात तर पान क्रमांक हवाच. अर्धवट सोडलेली पुस्तकंही नोंदवा. कितव्या पानावर सोडलं, ते फार बोलकं असतं. आणि कृपा करून वाचनालयाच्या पुस्तकात पेन्सिलने खुणा करू नका. पुढच्या वाचकाला कोरं पान मिळायला हवं.

एक सवय मी आग्रहाने सांगेन. नोंद उजव्या पानावर करा, डावं मोकळं ठेवा. ‘कोसला’ ही कादंबरी मी पहिल्यांदा वाचली ती कॉलेजात. उजव्या पानावर भरभरून लिहिलंय, सगळं तिचा नायक पांडुरंग याच्याविषयी. पंचवीस वर्षांनी पुन्हा वाचली, तेव्हा डाव्या पानावर लिहिलं ते त्याच्या वडिलांविषयी. पहिल्या नोंदीत त्यांचा उल्लेखसुद्धा नाही.

तुमची ती कादंबरी अजून परत केली नसेल, तर वही तिच्यापासूनच सुरू करा. दोन वर्षांपूर्वीचं जे थोडंफार आठवतं ते उजवीकडे, आणि या वेळचं डावीकडे.